झोपेत पळणारं कुत्रं

वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, जनावरांना स्वप्नं पडतात का हो?" विज्ञानाचा मास्तर म्हणून नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. हातातला खडू खाली न ठेवताच मी म्हणालो, "नाही." पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. खरं म्हणजे त्या विषयावर पुस्तकात एक ओळही नव्हती. पण 'मला माहीत नाही' असं चाळीस पोरांसमोर म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. कुठलीच कबुली माझ्या तोंडून सहज निघत नाही, हा माझा जुना आजार. तिनं ते वहीत उतरवून घेतलं, आणि गंमत अशी की वहीत उतरल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं.

माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. आईला तारीख ठाऊक नव्हती. "रझाकार पळाले त्या साली, मेंढरं कातरायला काढली व्हती तवा," एवढंच ती सांगायची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. करमाडच्या आसपासच्या शेतांतून आज या रानात, उद्या त्या रानात बसवत फिरायची. शिकून शहरात आलेला मी पहिलाच, त्यामुळं दीडशहाणपणाचा पहिला मानही माझाच. बहात्तरच्या दुष्काळात बाची मेंढरं गेली. निम्मी मेली, उरलेली विकली. आई त्याच्या आधीच गेली होती. पुढच्या पावसाळ्यात बा औरंगाबादेत माझ्याकडं राहायला आला. बरोबर एक घोंगडी, एक काठी आणि एक कुत्रं.

कुत्र्याला नाव नव्हतं. बा त्याला नुसतं 'गड्या' म्हणायचा. अंगानं दांडगं, राखाडी रंगाचं, लांडग्यानं एक कान फाडलेलं. आयुष्यभर मेंढरांमागं पळालेल्या त्या जनावराला आमच्या दोन खोल्यांपुढच्या बोळात काय करावं ते कळत नसे. बालाही कळत नसे. तो सकाळपासून दारात बसायचा, उठायचा, बोळाच्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा. "बा, बसा की जरा," मी म्हणायचो. "बसलोच हाय की," असं म्हणून तो पुन्हा उठायचा. त्याची ती येरझार बघून माझंही डोकं फिरायचं. मी मुळात धड एका जागी बसणारा माणूस नाही. एका घरात असे दोघं असले की तिसऱ्याचे हाल. आणि ती तिसरी म्हणजे माझी बायको. लग्नाला वर्ष झालं होतं आणि तिला पाचवा महिना होता.

आमच्या समोरच एका पिंजाऱ्याचं घर होतं. बाहेरच्या खोलीत तो कापूस पिंजायचा, त्याची बायको गाद्या-रजया शिवायची. धनुकलीची तात वाजू लागली की सगळ्या बोळात तुंई तुंई घुमायचं आणि कापसाचे तंतू उडायचे. म्हणून पिंजारी नाकातोंडाला कायम फडकं बांधून असे. गड्यानं दुपारच्या झोपेसाठी नेमकी तीच जागा निवडली. पिंजारी काही म्हणत नसे. उलट म्हणायचा, "सोने दो मास्तर साब, बेचारा पेन्शनर है."

तात वाजली की गड्याची झोप मोडायची नाही, चाळवायची. आधी फाटका कान हलायचा. मग पंजे. मग चारी पाय पळाल्यासारखे झडायचे, दात करकर वाजायचे, तोंडाच्या कडेनं लाळ गळायची आणि घशातून बारीक, कोंडलेलं भुंकणं यायचं.

"मेंढरं दिसत्यात त्याला," बा म्हणायचा. "आपल्याकडं लोकर अशीच पिंजत्यात न्हवं? त्यो आवाज आला की त्याला वाटतं, तळ पडलाय. मग निघालं राखणीला."

"बा, जनावरांना स्वप्नं पडत नाहीत," मी म्हणायचो.

"तुला सांगून पडत नसतील, मास्तर," बा म्हणायचा.

आमच्या लोकांत एक रीत आहे. झोपेत पळणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, त्याच्या अंगाखालचं काही ओढायचं नाही. उठवायचंच असेल तर चार हात लांब उभं राहून काठीनं जमिनीवर तीन टोले द्यायचे आणि थांबायचं. ते कुठं पळत गेलेलं असेल तिथून त्याला परत यायला वेळ लागतो, असं बा म्हणायचा. शक्य असेल तर उठवूच नये, पोचू द्यावं. लहानपणी मी हे शंभरदा ऐकलं होतं आणि पाळलंही होतं. बायको मात्र वैजापूरकडची, कांदा-कापूस पिकवणाऱ्या घरातली. तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शिकलेल्या माणसानं बायकोला असल्या गोष्टी सांगायच्या म्हणजे लाजच वाटायची.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती आणि पोरं फाटकाकडं पळत होती. त्या गलक्यात पिंजारी सायकल दामटत आला. केसांत, भुवयांत कापूस, तोंडावर फडकं तसंच. काम टाकून आला होता हे दिसतच होतं. सायकलवरून न उतरताच तो ओरडला, "मास्तर साब! भाबी को कुत्ता काटा! कुत्ता खराब था, काटा!"

आमच्याकडं कुत्रं खराब झालं म्हणजे त्याचा एकच अर्थ होतो. मी पुढं एक अक्षर ऐकलं नाही. त्यानं आणखी काही सांगायला हात वर केलेला मला आठवतो, पण तोवर मी सायकलवर होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. माझं तर डोळ्यांवरच होतं.

घरी आलो तर बायको उंबऱ्यात बसलेली, मनगटाला साडीचा पदर गुंडाळलेला आणि पदर लाल. बा तिच्या जखमेवर पाणी ओतत होता. गड्या खांबाला बांधलेला, मान खाली घालून बसलेला.

"काय झालं?" मी विचारलं, आणि तिला उत्तर पुरं करू दिलं नाही. तिच्या माहेरची जुनी गादी उसवून बाळासाठी छोटी गादी करायची होती. कापूस पिंजायला टाकला होता, रिकामी खोळ धुवायला न्यावी म्हणून ती गेली, तर खोळीवर कुत्रं झोपलेलं. पाय झाडत होतं, दात वाजवत होतं, तोंडातून लाळ येत होती. तिनं खोळ ओढली आणि—

"लाळ येत होती?"

"हो, पण ते झोपेत..."

"आणि तू काही न करता चावलं?"

"मी खोळ ओढली ना."

पण माझं निदान झालेलं होतं. लाळ, झटके, काही कारण नसताना चावा. वर पिंजाऱ्याची साक्ष. मी बाला म्हणालो, "पिसाळलंय ते. दवाखान्यातून आलो की नगरपालिकेच्या माणसाला बोलावतो. मारून टाकायला लागेल."

"सपानात व्हतं रं ते!" बा म्हणाला. "पिसाळल्यालं कुत्रं असं बसतं व्हय? डोळं बघ की त्याचं. सपानात व्हतं. त्याला दिसलीच नसंल ही, लांडगा दिसला आसंल."

"बा, जनावरांना स्वप्नं पडत नाहीत! मी शिकवतो हे शाळेत!"

माझा आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बा उठून गड्याजवळ जाऊन बसला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मग गड्याकडं पाहिलं. मी तिला टांग्यात बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणानं धुऊन घेतली आणि विचारलं, "कुत्रं कुठाय?"

"घरी बांधलंय. पिसाळलंय."

"कुणी सांगितलं?"

"लक्षणं आहेत," मी म्हणालो.

ते सुई भरायला लागले. म्हणाले, "हे बघा, आज पहिली सुई देतो. रोज एक, पोटात, चौदा दिवस. पण कुत्रं मारू नका. बांधून ठेवा, खायला घाला. दहा दिवसांनी ते धडधाकट असलं तर ते पिसाळलेलं नव्हतं, आणि आपण सुया थांबवू. कुत्रं नसलं तर मात्र चौदाच्या चौदा."

"पोटात? तिला पाचवा महिना आहे."

"ते मला दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण तो रोग झाला तर दोघंही वाचत नाहीत. दुसरा इलाज नाही."

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी आपल्या नातवाला घेऊन बसली होती. तिनं आपणहून सांगितलं की तिच्या गावात एकाला या सुयांनी अर्धांगवायू झाला. खरं-खोटं देव जाणे, पण तो शब्द माझ्या पोटात जाऊन बसला. परतताना टांग्यात मी एकच गोष्ट घोकत होतो, कुत्रं जिवंत ठेवायचं. तासाभरापूर्वी ज्याला मारायला निघालो होतो, त्याला आता तूप-रोटी खाऊ घालायची माझी तयारी होती.

घरी पोचलो. खांबाला नुसता दोर होता. गड्या नव्हता, बा नव्हता, खुंटीवरची घोंगडी नव्हती, काठी नव्हती.

मी पिंजाऱ्याचं दार वाजवलं. तो मागच्या अंगणातून आला, म्हणाला की म्हातारा तासाभरापूर्वीच कुत्र्याला घेऊन जालन्याच्या रस्त्याला लागला. तो आणखी काही विचारत होता, बहुतेक भाबी कशी आहे म्हणून, पण मी पुन्हा सायकलवर. चिकलठाण्यापर्यंत गेलो, अंधार पडला, परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून आलो तर पिंजाऱ्याच्या दाराला कुलूप. थंडीच्या आधी नवरा-बायको दरवर्षी धनुकली घेऊन गावोगाव रजया भरत फिरत. ते त्यांच्या फेरीला निघून गेले होते.

त्यानंतरचे दहा दिवस मला एका जागी बसल्याचं आठवत नाही. सकाळी बायकोला दवाखान्यात न्यायचं. ती पोटावरून पदर बाजूला करायची, एक दिवस डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या. सुई टोचताना ती आवाज करायची नाही, फक्त माझ्या बुशशर्टाची बाही मुठीत धरायची. मग तिला घरी सोडून मी सायकलनं करमाडकडं. शाळेत रजा टाकली होती. आमच्या भावकीतले दोन-तीन तळ त्या भागात होते, बा त्यांच्यातच गेला असणार. पण मेंढरांचा तळ म्हणजे पोस्टाचा पत्ता नव्हे. "काल इथंच व्हते बगा," शेतकरी सांगायचा आणि ताज्या लेंड्या दाखवायचा. मी पुढच्या शिवारात जायचो, तिथंही लेंड्याच. विज्ञानाचा मास्तर लेंड्या किती वाळल्यात ते बोटांनी चाचपून बघतोय, असं दृश्य कुणी पाहिलं असेल तर त्यानं घरी जाऊन चार दिवस सांगितलं असेल.

एका मेंढक्या बाईनं मला लांबून ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिला ठाऊक होतं, मला खात्री आहे. पण बाप कुत्र्याला वाचवायला आलाय आणि लेक मारायला, एवढंच तिला सांगण्यात आलं असणार. "मला ते जिवंत पाहिजे!" मी ओरडलो. तिनं मेंढरं वळवली. असं ओरडत येणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील?

घरी आल्यावर मी बायकोला सारखं विचारायचो, "ताप? डोकं दुखतं? पाण्याची भीती वाटते?" ती वैतागून माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. तिच्या पोटावर सुयांच्या जागी गाठी आल्या होत्या, मी शेकायला गेलो तर हात लावू देत नव्हती. सातव्या की आठव्या दिवशी ती म्हणाली, "आज बाळ हललं नाही." मी तिच्या पोटाकडं बघत संध्याकाळपर्यंत बसलो. बसलो म्हणजे उठलो, फिरलो, परत बसलो. दिवेलागणीला तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत काहीतरी झडलं, पुन्हा झडलं, झोपेत पळणाऱ्या पायांसारखं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"ते खरंच झोपेत होतं हो," ती तेव्हा म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच सांगत होते."

मला माहीत नव्हतं. जनावराला स्वप्नं पडतात की नाही, या एका गोष्टीवर माझी बायको आणि मूल टांगलेलं होतं आणि मला माहीत नव्हतं. कुत्रं स्वप्नात असेल तर दोघं सुखरूप. स्वप्नं पडतच नसतील तर मग ती लाळ, ते झटके कशाचे? आयुष्यात पहिल्यांदाच माझं उत्तर चुकीचं निघावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

अकराव्या दिवशी सकाळी टांगा दाराशी उभा होता. बायको एक पाय पायरीवर ठेवून चढत होती. बोळाच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. बा येत होता आणि त्याच्या पुढं गड्या, शेपूट वर, फाटका कान ताठ. धुळीनं दोघांचा रंग एक झाला होता.

बा माझ्यासमोर छाती काढून उभा राहिला. "मोज," म्हणाला. "दहा दिस झाले. पिसाळल्यालं कुत्रं दहा दिस काढत नाय, ही गोष्ट माझ्या बापानं मला सांगितली, म्या तुला सांगितली व्हती. तू इसरला. आता बोलीव तुझ्या नगरपालिकेला."

डॉक्टरांचा हिशेब आणि बाचा हिशेब एकच होता. मला हसावं की बोंब मारावी कळेना.

"बा," मी म्हणालो, "हे कुत्रं इथं बांधलेलं असतं तर तिला घोर नसता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, मारू नका म्हणून. दहा सुया झाल्या तिच्या पोटात. रोज वाटायचं, चौदा होणार."

बाला आधी समजलंच नाही. "सुया? पोटात?" त्यानं सुनेकडं पाहिलं. ती नको नको म्हणत असतानाही मी सगळं सांगितलं, गाठींसकट, बाळ हललं नाही त्या दिवसासकट. रागानं सांगितलं. बाची छाती उतरत गेलेली मी पाहिली, तरी थांबलो नाही.

तो खाली बसला. "मला वाटलं, बांधतील पट्टी आन् येतील घरी," तो म्हणाला. "पोरी, म्या मुकं जनावर तेवढं बघितलं. तुझ्याकडं बघितलंच नाय गं."

"मामा, उठा. तुम्ही नसता नेलं तर यांनी मारलंच असतं त्याला त्याच दिवशी," ती म्हणाली. हे खरं होतं. माझ्या वाट्याची शिक्षा तिनं एवढ्या साध्या वाक्यात उरकली.

त्याच टांग्यात आम्ही गड्याला घातलं. डॉक्टरांनी व्हरांड्यातूनच त्याच्याकडं पाहिलं, त्यानं शेपूट हलवलं, आणि सुया बंद झाल्या.

चार-सहा दिवसांनी पिंजारी फेरीवरून परतला. सगळी हकीकत ऐकून तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "लेकिन मास्तर साब, मैं तो उसी दिन बोला था ना आपको! शाळा के फाटक पे!"

"तू म्हणालास, कुत्ता खराब था."

"खराब? नक्को साब!" त्यानं तोंडावरचं फडकं हनुवटीखाली ओढलं. "मैं बोला, कुत्ता खाब में था. खाब! नींद में देखते ना, वो खाब. खाब में था, काट लिया, घबराओ नक्को, ऐसा बोल रहा था मैं. आप तो सुनेच नहीं."

ख्वाब. त्याच्या तोंडी खाब. वर फडकं, भोवती पोरांचा गलका आणि ऐकणारा मी. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो असा बसला की बराच वेळ मी त्याच्या ओट्यावर बसून होतो आणि तो मला पाणी पाजत होता. बोळातल्या एका पिंजाऱ्याला, माझ्या अडाणी बापाला आणि माझ्या बायकोला, तिघांनाही पहिल्या मिनिटाला जे दिसलं ते शास्त्र शिकवणाऱ्याला दिसलं नव्हतं.

माघात मुलगी झाली, धडधाकट. दहा-बारा दिवसांची असताना ती झोपेत हसायची, मधेच दचकायची. बायका म्हणायच्या, सटवाई हसवते. बा पाळण्यापासून चार हात लांब बसायचा आणि कुणी बाळाला उचलायला गेलं की काठी उचलायचा. "पळतीया ती. पोचू द्या," म्हणायचा. खाली पिंजाऱ्यानं भरून दिलेली गादी होती, आणि पाळण्याखाली गड्या.

त्या वर्षी मी वर्गात त्या मुलीला शोधलं. ती पुढच्या वर्गात गेली होती. तिला बोलावून सांगायचं ठरवलं आणि राहून गेलं. खोटं कशाला बोलू, राहून गेलं नाही, टाळलं.

आता गड्या नाही, बा नाही. बाची काठी आहे. आमची खोली आता फरशीची आहे, मुलगी तिच्या घरी आहे आणि मी सत्तरी ओलांडलेला, दुपारी जेवून आडवा होणारा पेन्शनर. डोळा लागला की माझे पाय चालतात म्हणे. स्वप्न एकच असतं. शाळेचं फाटक, पोरांचा गलका, सायकलवर फडकं बांधलेला माणूस. या खेपेला नीट ऐकायचं, असं मी स्वप्नातही ठरवतो. 'फडकं काढ,' एवढंच त्याला म्हणायचं असतं. तोंडातून शब्द फुटत नाही आणि पाय पॅडल मारायला लागलेले असतात.

मग ठक, ठक, ठक. डोळे उघडतो तर बायको दारात उभी, चार हात लांब, हातात बाची काठी. पन्नास वर्षांत तिनं मला कधी हात लावून उठवलेलं नाही.

"पोचलात का?" ती विचारते.

"नाही," मी म्हणतो.

"मग चुकलंच माझं," ती म्हणते. "थोडं थांबायला हवं होतं."

ते वाक्य खरं तर माझं आहे. ते तिला म्हणायला मी दर दुपारी तोंड उघडतो, आणि तोवर ती चहा ठेवायला आत गेलेली असते.